बारा किलो बोरं आणि एक खोली

अनुजाला पुढारी वगैरे व्हायचं नव्हतं. तिला फक्त एक खोली हवी होती.

आणि खोली तरी कसली! कॉलेजच्या तळमजल्यावर, जिन्याला खेटून असलेली, मोडके बाक आणि टक्कल पडलेले झाडू ठेवायची. खिडक्या दोन, त्यातली एकच उघडायची. पण गेले चार महिने चिन्मयला कडेवर घेऊन वर्गाकडे जाताना अनुजा त्या दारापाशी रोज दोन मिनिटं रेंगाळायची आणि मनातल्या मनात सामान हलवायची. बाक बाहेर. इथे सतरंजी. तिथे पाळणा. त्या प्लगला झाकण. दाराच्या फटीत बोट सापडेल, तिथे रबराची पट्टी. तिच्या पर्समध्ये एक छोटी वही होती आणि त्या खोलीत चौदा महिन्यांच्या मुलाला काय काय होऊ शकतं याची त्या वहीत यादी होती. यादी एकवीसवर गेली होती.

न्यू टाउनमधलं ते कम्युनिटी कॉलेज म्हणजे एक मजाच होती. कुणीही यावं, कुठल्याही वयात यावं, वर्षभरात काहीतरी शिकून जावं. शिवण, संगणक, रुग्णसेवा, बेकरी. अनुजा होती पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या वर्गात. बी.एस्सी. झाली, लग्न झालं, सुश्रुतच्या कंपनीने त्याची पुण्याहून कोलकात्याला उचलबांगडी केली, मूल झालं, आणि मग एका दुपारी तिच्या लक्षात आलं, की गेल्या आठ दिवसांत आपण लिफ्टमधल्या आरशाखेरीज दिवसाउजेडी कुणा मोठ्या माणसाशी बोललेलोच नाही. दुसऱ्याच दिवशी तिने प्रवेशाचा अर्ज भरला.

पण चिनूला ठेवायचं कुठे? सासू सांगलीला, आई नाशिकला. घरी नुकत्याच कामाला लागलेल्या मौसी प्रेमळ होत्या. पण प्रेमळ माणसाच्या हातूनसुद्धा अख्खं द्राक्ष भरवलं जाऊ शकतं. तेव्हा चिनू वर्गात यायचा. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून पुठ्ठा खायचा. वर्गातले बावीसच्या बावीस विद्यार्थी त्याला ओळखायचे, आणि ‘शिशूंची निरीक्षणशक्ती’ हा धडा शिकवताना बाईंनी त्याचंच उदाहरण दिलं होतं.

अशात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूचना लागली. ‘एक फेब्रुवारीपासून वर्गात लहान मुलांना आणता येणार नाही.’ खाली सही घोषालबाबूंची, कार्यकारिणीच्या सचिवांची.

“लहान मुलांना शिकवायच्या कोर्समध्ये लहान मूल चालणार नाही!” अनुजाने त्या संध्याकाळी सुश्रुतला हे वाक्य अकरा वेळा, अकरा तऱ्हांनी ऐकवलं.

“अगं पण मौसींकडे...” सुश्रुत म्हणाला.

“द्राक्ष!” अनुजा म्हणाली.

द्राक्षाच्या पुढे घरातलं कुठलंही संभाषण जात नसे.

म्हणजे प्रकरण अगदी सरळ होतं. ती जिन्याखालची खोली मिळाली तर अनुजाचं शिक्षण चालू. नाही मिळाली तर महिनाअखेर पुन्हा ती, चिनू आणि लिफ्टमधला आरसा.

त्याच आठवड्यात प्रिन्सिपल भादुडी मॅडमनी ‘सगळ्यांचं कॉलेज’ नावाचा सप्ताह जाहीर केला. भादुडी मॅडम म्हणजे पाच फुटांची बाई आणि दहा फुटांचा आवाज. “नेतृत्व म्हणजे माइक हातात घेणं नव्हे,” त्या माइक हातात घेऊन म्हणाल्या. “इथे हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बिहारी, मराठी, नेपाळी आहेत, एकोणीस वर्षांच्या मुली आहेत आणि त्रेसष्ट वर्षांचे गोराचाँदबाबू आहेत. प्रत्येक वर्गाने आपला प्रमुख निवडायचा आणि साऱ्या कॉलेजला सामावून घेईल असा एक कार्यक्रम करायचा. ज्या वर्गाचा कार्यक्रम सगळ्यांत जास्त लोकांना आपलासा वाटेल, त्याच्या प्रमुखाला कार्यकारिणीपुढे एक मागणी मांडता येईल. आणि कार्यकारिणीला ती ऐकावी लागेल!”

अनुजाच्या डोक्यात जिन्याखालचं दार करकरत उघडलं. पण प्रमुख होण्याचा विचार तिला शिवलासुद्धा नाही. आपण बरं, आपलं खोकं बरं.

वर्गात निवड सुरू झाली आणि व्हीलचेअरमधून येणाऱ्या तियाशाने हात वर केला. विशीची पोर, जिभेला हाड नाही. “अनुजादी.”

“मी?” अनुजा दचकली. “अगं, माझं बंगाली ऐकून रिक्षावाले हिंदीत बोलायला लागतात.”

“रॅम्पवर कोण स्कूटर लावतं, हे चार महिन्यांत फक्त तू बघितलंस. नसीमादीला चष्म्याचा नंबर बदलायला हवा, हे तिच्या आधी तुला कळलं. गोरादांनी दोन दिवस डबा आणला नाही, तेव्हा विचारलं कुणी?”

“त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं,” गोरादा अभिमानाने म्हणाले. हेच ते त्रेसष्ट वर्षांचे गोराचाँदबाबू. बसकंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. नातीला शिकवायचं तर नीट शिकून शिकवावं म्हणून वर्गात आलेले. “या मुलीचं लक्ष असं आहे की माझ्या बसमध्ये असती तर एक माणूस विनातिकीट गेला नसता.”

बावीसपैकी एकोणीस हात वर गेले. विसावा चिनूचा होता, पण तो पुठ्ठ्यासाठी होता.

आता कार्यक्रम कुठला करायचा? त्या रात्री काही न सुचून अनुजा बसली होती, आणि सकाळी सांगलीहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. श्यामलाताईंच्या कॉलमध्ये त्यांचं कपाळ आणि मागचा पंखा एवढंच दिसायचं.

“अगं, हलव्याचे दागिने कुरियरने पाठवलेत. मुकुट फुटला नाही ना बघ. यंदा बोरन्हाण व्हायलाच हवं हं. गेल्या वर्षी तो दोन महिन्यांचा होता, मान धरत नव्हता, म्हणून राहिलं.”

“आई, इथे कुणाला बोलावू? बोरं लुटायला पोरं तर हवीत.”

“एवढं मोठं कोलकाता, त्यात पोरं नाहीत होय?”

फोन हातात तसाच राहिला. बोरन्हाण! मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, उसाचे तुकडे, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि जमलेल्या पोरांनी झुंबड करून ते सगळं लुटायचं. जात नाही, धर्म नाही, मंत्र नाही, मेनूकार्डसुद्धा नाही. नुसतं मूल आणि वरून खाऊचा पाऊस. आणि एकदा का शंभर माणसांनी पोरांना कॉलेजात हसताना पाहिलं, की मग खोली नको म्हणायची छाती कुणाची होणार!

वर्गात तिने हे सांगितलं तेव्हा तिचे हात विमानासारखे फिरत होते. “साऱ्या कॉलेजातल्यांची मुलं, नातवंडं, भाचरं! पाट एकच, पण आळीपाळीने कुणाचंही मूल बसेल. आणि वरून बोरं! सतरा तारखेला, शनिवारी!”

एक क्षण सगळा वर्ग गप्प झाला. अनुजाच्या ते लक्षात आलं. तिच्या सगळंच लक्षात यायचं. तिला वाटलं, भारावले.

“बोरं,” तियाशा म्हणाली. “सतरालाच?”

“हो! संक्रांत चौदाला. ताजं ताजं!”

तियाशाने गोरादांकडे पाहिलं. गोरादांनी नसीमादीकडे. नसीमादीने भिंतीवरच्या पोस्टरकडे. सप्ताहाचं ते पोस्टर तियाशानेच रंगवलं होतं: ‘दुसऱ्याच्या रीतीला नावं ठेवू नका. हसू नका. अडवू नका.’

“छान,” नसीमादी म्हणाली. “फारच छान आहे तुमची रीत.”

मग काय, अनुजाला पंखच फुटले. बागुईआटीच्या बाजारात तिने बारा किलो बोरं मागितली तेव्हा बोरंवाल्याने तागडी खाली ठेवली. “दीदी, पूजा तर अजून व्हायचीय.”

“असू दे,” अनुजा म्हणाली. बिचारा बोरं आंबट आहेत हे सांगतोय, किती प्रामाणिक माणूस!

शुक्रवारी दुपारी नसीमादी धुवायला मदतीला आली. पंचेचाळिशीची, पाच मुलांना वाढवलेली बाई; तिच्या हातात चिनू असला की अनुजा एका वेळी दीड मिनिट दुसरीकडे बघू शकायची, एवढा भरवसा. दोघींनी चार पाण्यांत बोरं धुतली. एवढ्या वेळात नसीमादीने एकसुद्धा बोर तोंडात टाकलं नाही. किती स्वच्छतेची बाई, अनुजाने मनात नोंद केली. नसीमादीची धाकटी मुलगी दारात आली, तर नसीमादीने तिला जवळजवळ हाकलली. किती शिस्तीची बाई!

शनिवार उजाडला. अनुजा काळ्या साडीत, चिनू काळ्या झबल्यात. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, मनगटांवर हलव्याची कडी. त्यातलं डावं कडं टोटोतून, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षातून, कॉलेजात पोचेपर्यंत त्याने खाऊन टाकलं होतं. अनुजाच्या गळ्यात शिट्टी होती. बोराच्या बिया हा यादीतला नवा, बाविसावा धोका असल्याने चार वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस अशी वाटणी तिने करून ठेवली होती.

आणि माणसं तरी किती! एकशे साठ! बेकरीवाल्या मुली पिठाच्या हातांनी आलेल्या, शिवणवाल्या बायका गळ्यात टेप अडकवून, रुग्णसेवेचा वर्ग अख्खा पांढऱ्या गणवेशात. पोरं तीसेक तरी. भादुडी मॅडम पहिल्या रांगेत. घोषालबाबू माकडटोपीत, काखेत फाइल.

अनुजाने चिनूला पाटावर बसवलं. ओवाळलं. ओंजळ भरली. “हे घ्या!” ती ओरडली आणि बोरांचा पहिला पाऊस पाडला.

टपटप टपटप. बोरं चिनूच्या मुकुटावरून घरंगळली, फरशीवर उड्या मारत चहूकडे गेली, आणि एकशे साठ माणसं एक पाऊल मागे सरकली.

अनुजाला वाटलं, जागा करून देताहेत. तिने दुसरी ओंजळ टाकली. माणसं आणखी एक पाऊल मागे. आता ती भिंतीला टेकली. एक बोर घरंगळत रुग्णसेवेच्या वर्गापाशी गेलं, तर आठ मुलींनी साप आल्यासारखे पाय उचलले. पोरं धावायला बघत होती आणि आया त्यांच्या कॉलरी धरून उभ्या होत्या. सगळ्यांच्या तोंडावर मात्र हसू. गोड, घट्ट, शिवून टाकल्यासारखं हसू. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली, भिंतीला चिकटून.

काळी साडी! अनुजाने स्वतःच्या पदराकडे पाहिलं. इथे शुभकार्याला काळं नेसत नाहीत हे तिने कुठेतरी ऐकलं होतं. गेलं, सगळं गेलं, खोली गेली, एका साडीपायी गेली!

तेवढ्यात गोरादांची चार वर्षांची नात टुपुर आजोबांच्या हातातून सुळकन निसटली. धावत आली, सगळ्यांत टपोरं बोर उचललं आणि तोंडात टाकलं.

“ओ मा गो!” एकशे साठ गळ्यांतून किंकाळी फुटली.

अनुजाने शिट्टी फुंकली, पाटापासून झेप घेतली, पोरीला पालथी केली आणि पाठीत दोन थापा घातल्या. बोर टुणकन बाहेर पडलं. “बी गिळली नाहीये! श्वास चालू आहे! मागे व्हा, हवा येऊ द्या!”

“श्वासाचं काय घेऊन बसलीस मा!” गोरादा कपाळावर हात मारत म्हणाले. “शुक्रवारी तिची पाटीपूजा आहे! देवीपुढे पहिलं अक्षर गिरवायचंय तिला, आणि बोर खाऊन बसली!”

“मग? बोराने काय होतं?”

पुन्हा शांतता. यावेळी ती भारावण्याची नाही, हे अनुजालासुद्धा कळलं. तिने गरकन वळून तियाशाकडे पाहिलं. “तू सांग.”

तियाशाने खुर्ची पुढे घेतली, आणि तिला आवरेचना. शब्दाआधी हसूच बाहेर पडलं. “अनुजादी, सरस्वतीपूजेच्या आधी बोर खायचं नसतं. खाल्लं की देवी रागावते आणि परीक्षेत नापास. इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं हे. आमची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. आणि तू बारा किलो...”

“तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांना.”

“पहिल्या दिवसापासून?”

“बाजारातल्या बोरंवाल्यालासुद्धा माहीत असणार,” गोरादा म्हणाले.

अनुजा नसीमादीकडे वळली. “नसीमादी, तुम्हीसुद्धा? तुमच्यात तर...”

“आमच्यात नसेल,” नसीमादी म्हणाली, “पण धाकटीचं गणित फार कच्चं आहे गं. मी कशाला जोखीम घेऊ?”

“अहो, मग बोलला का नाही कुणी!”

एकशे साठ बोटं पोस्टरकडे गेली. नावं ठेवू नका. हसू नका. अडवू नका.

भादुडी मॅडमनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मग बेकरीच्या रांगेतून एक फिस्सकन आवाज आला, आणि पुढच्या क्षणी सगळं सभागृह असं हसत सुटलं की चिनू घाबरून रडायच्या बेतात आला, पण मग त्याने मुकुटाचा एक तुकडा मोडून खाल्ला आणि तोही हसला.

घोषालबाबू मात्र हसले नाहीत. फाइल उघडून म्हणाले, “म्हणजे या वर्गाच्या कार्यक्रमात लोकांचा सहभाग शून्य. असंच लिहू ना?”

हसू विझलं. अनुजाला दिसलं, पेनाचं टोपण निघालंय, निब कागदाच्या दिशेने चाललीय. आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिने स्वतःच यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

“लिहू नका! कार्यक्रम झालेला नाही. पूजा कधी आहे?”

“शुक्रवारी, तेवीसला!” शंभर आवाज.

तिने फोन काढून सांगलीला लावला आणि उंच धरला. पडद्यावर कपाळ आणि पंखा अवतरला. “आई, बोरन्हाण कधीपर्यंत चालतं?”

“रथसप्तमीपर्यंत. का गं? आजच होतं ना? एवढी माणसं कसली?”

“बोरं खात नाहीयेत आई, देवीची पूजा व्हायचीय त्यांची. रथसप्तमी कधी?”

“अगं बाई! आणि तू त्यांच्या डोक्यावर... थांब, दिनदर्शिका बघते.” कपाळ गेलं, नुसता पंखा फिरत राहिला. एकशे साठ माणसं सांगलीच्या पंख्याकडे टक लावून बघत होती. कपाळ परत आलं. “पंचवीस. रविवार.”

अनुजाने बोटं मोजली. तियाशाने मोजली. बेकरीवाल्यांनी पिठाची बोटं मोजली.

“चोवीस!” तियाशा किंचाळली. “शनिवार! तुमचं संपलेलं नसेल आणि आमचं सुरू झालेलं असेल!”

“तोवर गाजराचे तुकडे टाकून वेळ निभावून न्यायची असती, वेडाबाई,” फोनमधून आवाज आला, पण तो कुणाच्या कानावर पडला नाही, कारण अनुजा फरशीवर गुडघे टेकून हुकूम सोडत होती. “एकूण एक बोर उचला! नासलेली इकडे, धड असलेली तिकडे! बेकरीचे ट्रे आणा! नसीमादी, तुमची गच्ची, वाळत घालून. गोरादा, अर्धी तुमच्याकडे, आणि टुपुरला कुलूप लावा! शिवणवाल्यांनो, वर घालायला जाळीचं कापड!” आणि ज्यांना बोर खायला बंदी होती त्यांना बोर उचलायला बंदी नव्हती, तेव्हा सगळं कॉलेज ओणवं झालं.

“अहो, पण ती वर्गप्रमुख कोण?” घोषालबाबू कुणाला तरी विचारत होते. “मघाशी घाबरलेली होती ती?”

“तीच,” भादुडी मॅडम म्हणाल्या. “आणि घोषालबाबू, पायाखाली बोर आहे.”

शेवटचं बोर उचलून झाल्यावर अनुजा उभी राहिली. चिनू! वीस मिनिटं, निदान वीस, तिने चिनूकडे पाहिलं नव्हतं. तो तियाशाच्या मांडीवर होता आणि अख्ख्या सभागृहात व्हीलचेअरमधून फिरत होता, एखाद्या संस्थानिकासारखा. ती धावली, त्याची बोटं मोजली. दहा होती.

ते सात दिवस कसे गेले हे अनुजाला आठवत नाही. चार किलो बोरं नासली. दीड किलोचं गोरादांच्या बायकोने लोणचं घातलं, पण बरणीचं तोंड मात्र पूजेपर्यंत बांधून ठेवलं. शुक्रवारी पिवळ्या साड्यांनी न्यू टाउन भरून गेलं, अनुजाने कॉलेजात हात जोडून फुलं वाहिली, आणि पुजाऱ्याने प्रसाद म्हणून तिच्या हातावर नेमकं एक बोर ठेवलं, तेव्हा आसपासच्या पंचवीस जणी खो खो हसल्या.

आणि शनिवारी! शनिवारी माणसं भिंतीला चिकटली नाहीत. शनिवारी भिंतीच दिसल्या नाहीत. महिनाभर जिभेला लगाम घालून बसलेली माणसं होती ती! अनुजाने पहिली ओंजळ वर नेली आणि ती खाली यायच्या आत लोकांनी हवेतच झेलली. तिसऱ्या ओंजळीनंतर पाटावर टुपुर बसली होती. तिने कालच देवीपुढे ‘अ’ गिरवला होता, आदल्या शनिवारच्या बोरासकट, काही बिघडलं नव्हतं. मग नसीमादीची धाकटी बसली, वय वर्षं तेरा, “गणितासाठी” म्हणून. मग बेकरीवाल्या एकीचे जुळे. तियाशा म्हणाली, “माझा पाट मी घेऊनच फिरते,” आणि तिच्या डोक्यावर रुग्णसेवेच्या अख्ख्या वर्गाने टोपली उपडी केली. गोरादांकडे पूजेच्या दुसऱ्या दिवशी चूल पेटत नसते, तशी रीतच आहे. आदल्या दिवशी उकडलेलं गार गार खायचं असतं. ते भला मोठा डबा घेऊन आले होते आणि प्रत्येकाला म्हणत होते, “मराठी बोरं खा आणि वर आमचं गार वांगं खा.” फोनच्या पडद्यावर सांगलीचं कपाळ ओरडत होतं, “अगं मला दिसत नाहीये! कुणीतरी मला वर धरा!” आणि कुणी टाकली ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण एक आख्खी ओंजळ घोषालबाबूंच्या माकडटोपीवर पडली.

सगळं थबकलं. घोषालबाबूंनी कॉलरमध्ये अडकलेलं बोर काढलं. रुमालाने पुसलं. खाल्लं. बी हातात धरली, कुठे टाकावी ते कळेना, म्हणून खिशात घातली.

“गोड आहे,” ते म्हणाले. “एवढी माणसं दुसऱ्या कुठल्याच वर्गाने जमवली नाहीत. काय मागणी आहे तुमची?”

“जिन्याखालची खोली,” अनुजा म्हणाली. “मुलांसाठी.”

“ते शक्य नाही. मी मुलांचा शत्रू नाही, मला दोन नातू आहेत. पण काही झालं तर? जिना आहे. विजेचे प्लग आहेत. दारात बोट सापडतं. रडण्याचा शेजारच्या वर्गाला त्रास.”

“चारच?” अनुजा म्हणाली.

“म्हणजे?”

तिने पर्समधून वही काढली. “पंख्याचं पातं वाकडं आहे, ते पाचवं. न उघडणारी खिडकी, सहावं. उघडणारी खिडकी, सातवं.” आठव्याला घोषालबाबूंनी माकडटोपी काढली. अकराव्याला ते पाटावरच बसले. सतराव्याला म्हणाले, “झाडूचे काटे! हे तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.” बाविसाव्याला त्यांचा चेहरा असा उजळला, जसा आयुष्यभर एकट्याने काळजी करत आलेल्या माणसाचा जोडीदार भेटल्यावर उजळतो.

“प्रत्येकापुढे उपाय लिहिलाय,” अनुजा म्हणाली. “रबराची पट्टी सुश्रुत लावेल. गाद्या शिवणवाल्या शिवतील. रुग्णसेवेचा वर्ग वरच्याच मजल्यावर आहे. आणि आम्हाला साठ तासांचं प्रात्यक्षिक सक्तीचं आहे. त्यासाठी शियालदाहून गाडी धरून बराकपूरच्या बालवाडीत जातो आम्ही. तियाशाला तर गाडीत चढताच येत नाही, तिचा एकही तास भरलेला नाही. मुलं इथेच असली, तर प्रात्यक्षिक इथेच होईल.”

तियाशाने मान वर केली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

“पाळ्या शेवटच्या पानावर आहेत,” अनुजा म्हणाली.

घोषालबाबूंनी पान उलटलं. गोरादाही खांद्यावरून वाकले. “मा, तुझं नाव आठवड्यातून एकदाच?”

“मला वर्गात बसायचंय, दादा.”

“तीन महिने,” घोषालबाबू फाइलीत लिहीत म्हणाले. “प्रयोग म्हणून. आणि ही वही मला झेरॉक्स करून द्या. माझ्या सुनेला दाखवायचीय.”

दोन फेब्रुवारीला खोली उघडली. नऊ मुलं आली. दारात गोरादा, कंडक्टरच्या जुन्या सवयीने एकेकाला मोजून आत घेत होते. “पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!” आत तियाशा होती, तिच्या आयुष्यातल्या पहिल्या प्रात्यक्षिकाच्या तासाला, केसांना तेल लावून आलेली. अनुजाने चिनूचा डबा, पाण्याची बाटली, दुसरी पाण्याची बाटली, सुती टोपी, लोकरी टोपी आणि तीन पानी सूचना सुपूर्द केल्या. रात्रभर तिने स्वतःला बजावलं होतं, की तो रडेल, तो जीव तोडून रडेल, तू मागे वळायचं नाहीस.

तिने त्याला सतरंजीवर ठेवलं. चिनूने एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा आठ मुलांकडे पाहिलं, आणि कुणाच्या तरी हातातल्या प्लास्टिकच्या बसकडे रांगत निघून गेला. त्याने मागेसुद्धा पाहिलं नाही.

अनुजा दारात उभी राहिली. मोजून पाच मिनिटं.

“जा ना,” तियाशा म्हणाली.

“रडत नाहीये तो.”

“नाही.”

“अजिबातच नाही!” अनुजाला इतका राग आला, इतका राग आला, की त्या तिरीमिरीत ती सरळ वर गेली, पहिल्या बाकावर बसली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा, दोन्ही हातांनी, वर्गातलं एकूण एक वाक्य उतरवून घेत राहिली.